तिकीट काढलंय, पण जाता येत नाही? ऑनलाइन विकायला गेलात तर नेमकं काय होतं

२२ सप्टेंबर २०२४, रविवार, दुपारी बारा. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकिटं बुकमायशोवर खुली झाली आणि अ‍ॅप आडवं झालं. ते परत उभं राहिलं तेव्हा लोकांच्या स्क्रीनवर रांगेतला नंबर दिसत होता. कुणाचा लाखात, कुणाचा दहा लाखांच्या पुढे. १ कोटी ३० लाखांहून जास्त लोकांनी तिकिटासाठी प्रयत्न केला, असं बुकमायशोने नंतर सांगितलं. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मावतात पन्नास हजारांच्या आसपास माणसं. आधी १८ आणि १९ जानेवारी २०२५ असे दोनच दिवस होते. गर्दी बघून त्याच दिवशी २१ जानेवारीचा तिसरा कार्यक्रम जाहीर झाला. तोही संपला.

त्यानंतर जे झालं त्यामुळे 'रीसेल' हा शब्द मराठी बातम्यांमध्ये आला. अधिकृत तिकीट २,५०० रुपयांपासून सुरू होत होतं, सगळ्यात महागडं ३५,००० रुपयांचं. पण व्हियागोगोसारख्या परदेशी वेबसाइटवर हीच तिकिटं थेट लाखांत लागलेली दिसली. या वेबसाइटशी आमचा संबंध नाही, तिथून घेतलेलं तिकीट खोटं निघू शकतं, असं बुकमायशोने जाहीर केलं आणि पोलिसांत तक्रारही दिली.

तिकिटांचा 'ब्लॅक' आपल्याला नवा नाही. सिंगल स्क्रीन थिएटरच्या बाहेर हातात गड्डी घेऊन पुटपुटत फिरणारा माणूस आपल्या आईवडिलांनी पाहिलेला आहे. फरक एवढाच की तो माणूस समोर दिसायचा, तिकीट हातात यायचं आणि पाच मिनिटांत आत जाऊन ते खरं की खोटं कळायचं. आता विकणारा दिसत नाही, तिकीट म्हणजे मोबाइलवरचा एक कोड, आणि खरं-खोटं कळतं ते थेट स्टेडियमच्या गेटवर.

विकणारा प्रत्येक जण ब्लॅकवाला नसतो

या सगळ्या गोंधळात एक साधी गोष्ट मागे पडली. काही लोकांना तिकीट खरोखरच नको असतं.

अलिबागहून रेवदंड्याकडे निघालं की अक्षीनंतर नागाव लागतं. नारळी-पोफळीच्या वाड्या, समुद्र, आणि शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर चालणारी कॉटेजेस. समजा, इथल्या एका कॉटेजवाल्या कुटुंबातल्या मुलाने सप्टेंबरमध्ये रांगेत नंबर लावून १८ जानेवारीची दोन तिकिटं मिळवली. १८ जानेवारी २०२५ हा शनिवार होता. जानेवारीतला शनिवार म्हणजे नागावात ऐन सीझन. खोल्या फुल्ल, स्वयंपाकघरात हात कमी, आणि घरातला धावपळीचा माणूस नेरूळला. घरचे काय म्हणणार हे वेगळं सांगायला नको.

जायचं ठरवलं तरी परतायचं कसं? मांडव्याहून गेट वेला बोटीने जाता येतं, पण कार्यक्रम रात्री दहाच्या सुमारास संपतो आणि तेव्हा परतीची बोट नसते. उरतो पनवेल, पेण, वडखळ असा शंभरेक किलोमीटरचा रस्ता, तोही शनिवारी रात्री. मुंबईत राहणाऱ्याला तिकीट म्हणजे फक्त तिकीट. नागावातल्या माणसाला तिकीट म्हणजे गाडी, मुक्काम आणि दुसऱ्या दिवशीची सुट्टी. त्यामुळे चार महिने आधी काढलेलं तिकीट शेवटच्या आठवड्यात नकोसं होण्याची शक्यता गावाकडे जास्त असते. आजारपण, परीक्षा, घरातलं लग्न ही कारणं तर सगळीकडेच असतात.

आता हा मुलगा काय करणार? तिकीट रद्द करून पैसे परत मिळत नाहीत. मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटांवर 'नो रिफंड' ही अट जवळपास ठरलेली असते. कार्यक्रमच रद्द झाला तर तिकिटाची रक्कम परत मिळते, पण बुकिंगवरची कन्व्हिनियन्स फी मिळेलच असं नाही. तिकीट दुसऱ्याला विकायचं म्हटलं तर नियमावलीत तेही बंद. म्हणजे आयोजक परत घेत नाही आणि दुसऱ्याला देऊही देत नाही.

गंमत बघा, याच नागावात खोलीचं बुकिंग नको झालं तर गोष्ट किती सोपी असते. मालकाला फोन करायचा, 'दादा, आमच्याऐवजी माझा मावसभाऊ येतोय' म्हणायचं. नाव बदलतं, काम संपतं. कारण खोलीच्या मालकाला कोण येणार हे कळलेलं असतं आणि त्याने हो म्हटलेलं असतं. तिकिटाच्या बाबतीत नेमका हाच दुवा गायब आहे. तिकीट हस्तांतरित झाल्याचं आयोजकाला कळत नाही, म्हणून घेणाऱ्याला खात्री नाही आणि देणाऱ्याला संरक्षण नाही.

रीसेल वेबसाइट चालते कशी?

बुकमायशो किंवा डिस्ट्रिक्टसारखी कंपनी आयोजकाकडून तिकिटं घेऊन पहिल्यांदा विकते. याला प्रायमरी विक्री म्हणतात. तेच तिकीट तुम्ही पुढे विकलंत की ती सेकंडरी विक्री, म्हणजेच रीसेल. रीसेल वेबसाइटकडे स्वतःची तिकिटं नसतात. ओएलएक्सवर जुनी बाइक विकतो तसंच हे, फक्त वस्तूच्या जागी तिकीट.

या धंद्यातलं मोठं नाव म्हणजे एरिक बेकर. २००० साली अमेरिकेत स्टबहब सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. तिथून बाहेर पडून त्यांनी २००६ मध्ये युरोपात व्हियागोगो काढली, आणि २०२० मध्ये याच व्हियागोगोने ४०५ कोटी डॉलरला स्टबहब विकत घेतली. यावरून या बाजारात किती पैसा आहे याचा अंदाज येईल.

विकणारा आपलं तिकीट वेबसाइटवर टाकतो, किंमत स्वतः ठरवतो. खरेदीदाराने पैसे भरले की ते आधी वेबसाइटकडे राहतात. विकणाऱ्याने तिकीट पाठवायचं. त्याला पैसे मिळतात ते सहसा कार्यक्रम होऊन गेल्यावर. मधल्या मध्ये वेबसाइट दोन्हीकडून शुल्क कापते, त्यामुळे खरेदीदाराला दिसणारी किंमत आणि विकणाऱ्याच्या हातात पडणारी रक्कम यात बरीच तफावत असते. विकणाऱ्याने तिकीट दिलं नाही किंवा ते चाललं नाही, तर वेबसाइट त्याच्याकडून दंड वसूल करू शकते. नागावातल्या आपल्या मुलाने उत्साहाने तिकीट टाकायचं आणि नंतर आयोजकाने ते रद्द केलं तर दंडाचा भुर्दंडही त्यालाच.

आता एक महत्त्वाची गोष्ट. लाखाला लागलेलं तिकीट म्हणजे लाखाला विकलं गेलेलं तिकीट नव्हे. तो फक्त मागितलेला भाव असतो. आणखी वाईट म्हणजे, यातली काही तिकिटं विकणाऱ्याकडे नसतातच. आधी गिऱ्हाईक पकडायचं, मग कुठून तरी तिकीट मिळवून नफा काढायचा, असा हा प्रकार. इंग्रजीत याला 'स्पेक्युलेटिव्ह लिस्टिंग' म्हणतात, आपण हवेतलं तिकीट म्हणू. कोल्डप्लेच्या वेळी विक्री सुरू होण्याच्या आधीच काही ठिकाणी तिकिटं दिसत होती, त्याचा अर्थ यातून लागतो. सोशल मीडियावर जे स्क्रीनशॉट फिरले ते खऱ्या व्यवहारांचे होते की फक्त भावाच्या पाट्या होत्या, हे बघणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता.

तिकीट तुमचं असतं का?

पैसे आपण दिले म्हणजे वस्तू आपली, हा आपला साधा हिशोब. पण तिकीट ही खुर्चीसारखी वस्तू नाही. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या अटींवर आत येण्याची ती परवानगी आहे. 'आय अ‍ॅग्री'वर टिक करताना आपण ज्या अटी मान्य करतो, त्यात पुन्हा विक्री करणार नाही, केल्यास तिकीट रद्द होऊ शकतं, हे बहुतेक वेळा लिहिलेलं असतं. त्या अटी कुणी वाचत नाही हे खरं, पण गेटवर वाद झाला की आयोजक त्याच अटी दाखवतो.

अट मोडणं आणि गुन्हा करणं यात मात्र फरक आहे. अट मोडली तर तिकीट जाईल. तेवढ्यावरून पोलीस अटक करतील असं नाही. सोशल मीडियावर 'तिकीट विकलं तर जेल' छापाचे मेसेज फिरतात, त्यात हा फरक पार पुसलेला असतो.

मग कायदा काय म्हणतो?

तिकीट रीसेलला सरळ हात घालणारा, देशभर लागू असलेला कायदा भारतात नाही. हा मुद्दा कोर्टातही गेला होता. मोठ्या कार्यक्रमांच्या ऑनलाइन तिकीटविक्रीतला काळाबाजार रोखण्यासाठी नियम करा, अशी जनहित याचिका एका वकिलाने मुंबई उच्च न्यायालयात केली. मुख्य न्यायमूर्ती डी. के. उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने १० जानेवारी २०२५ रोजी, म्हणजे कोल्डप्लेच्या पहिल्या कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी, ती फेटाळली. कायदा करणं हे विधिमंडळाचं आणि सरकारचं काम आहे, कोर्टाचं नाही, असं त्यामागचं कारण.

कोर्टाने काळाबाजार योग्य ठरवला असा अर्थ काहींनी काढला. तो चुकीचा आहे. चेंडू सरकारच्या अंगणात आहे, इतकाच त्याचा अर्थ.

कायदा नाही म्हणून पोलीस गप्प बसले असंही नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने बुकमायशो चालवणाऱ्या बिग ट्री एंटरटेनमेंटचे प्रमुख आशिष हेमराजानी यांना चौकशीसाठी समन्स पाठवलं. ऑक्टोबरमध्ये ईडीने दिल्ली, मुंबई, जयपूर, चंदीगड आणि बेंगळुरू इथे १३ ठिकाणी छापे टाकले. कोल्डप्लेसोबत दिलजीत दोसांझच्या दौऱ्याची तिकिटंही त्या तपासात होती. इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप आणि टेलिग्रामवरून खोटी तिकिटं विकली जात असल्याचं ईडीने सांगितलं. नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सायबरने बुकमायशोला नोटीस देऊन तिकिटावर खरेदीदाराचं नाव टाका, प्रवेशाच्या वेळी ओळख तपासा, असं सुचवलं.

प्रत्यक्षात गुन्हा नोंदवायचा तर फसवणुकीचं कलम लागतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात हे कलम ३१८. मोबाइल किंवा कॉम्प्युटर वापरून दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ड. म्हणजे खोटं तिकीट विकणारा, एकच तिकीट चौघांना विकणारा, पैसे घेऊन गायब होणारा या कलमांत अडकतो. खरं तिकीट मूळ किमतीला देणारा अडकत नाही.

खरं तिकीट चढ्या भावाने विकणारा? इथे चित्र धूसर आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये वानखेडेवरच्या भारत-न्यूझीलंड विश्वचषक उपांत्य सामन्याआधी तिकिटं चार-पाच पट भावाने विकल्याच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनी कारवाई केली होती. त्यामुळे 'कायदाच नाही, आपलं कोण काय वाकडं करणार' या भरवशावर राहणं शहाणपणाचं नाही.

रेल्वेच्या तिकिटाशी तुलना केली की मोकळी जागा लगेच दिसते. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४३ खाली, परवानगीशिवाय तिकिटं मिळवून देण्याचा धंदा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तिकीट दुसऱ्याच्या नावे करण्याची सोयही नियमातच आहे: आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको यांच्यापैकी कुणाच्या नावे करायचं असेल तर गाडी सुटण्याच्या २४ तास आधी आरक्षण कार्यालयात लेखी अर्ज द्यायचा. दलालाला शिक्षा आणि अडलेल्या प्रवाशाला वाट, दोन्ही एकाच व्यवस्थेत. कार्यक्रमांच्या तिकिटांना यातलं एकही नाही.

फसवणूक कुठे कुठे होते?

इथे जरा थांबून वाचा, कारण बहुतेक लोकांचे पैसे कायद्यामुळे जात नाहीत, घाईमुळे जातात.

एम-तिकीट म्हणजे क्यूआर कोड. तो पहिल्यांदा स्कॅन झाला की वापरला गेला. त्याचा स्क्रीनशॉट दहा जणांना पाठवला तर गेटवर सगळ्यात आधी पोचणारा आत जातो आणि उरलेले नऊ बाहेर. या नऊ जणांकडे असलेला कोड बनावट नसतो, म्हणूनच तो आधी ओळखता येत नाही. काही कंपन्या यावर उपाय म्हणून कोड कार्यक्रमाच्या थोडाच वेळ आधी दाखवतात किंवा तो सतत बदलत ठेवतात. अशा तिकिटाचा स्क्रीनशॉट म्हणजे शोभेचं चित्र. काही कार्यक्रमांत तिकीट किंवा मनगटाला बांधायचा पट्टा कुरियरने घरी येतो. तेव्हा 'पट्टा आला की देतो, पैसे आत्ता पाठवा' हा डाव खेळला जातो.

विक्रेत्याने पाठवलेला बुकिंगचा ईमेल हाही पुरावा नव्हे. ईमेलचं चित्र दोन मिनिटांत एडिट होतं.

विकणारा मात्र सुरक्षित, असंही समजू नका. इन्स्टाग्राम स्टोरीला 'दोन तिकिटं आहेत, डीएम करा' म्हणून तिकिटाचा फोटो टाकला आणि त्यात कोड स्पष्ट दिसत असेल, तर तुम्ही तिकीट फुकट वाटलंय. बुकिंग आयडी आणि मोबाइल नंबर दिसत असेल तर कस्टमर केअरला फोन करून तुमच्या नावाने बोलायला तेवढंही पुरतं.

दुसरा डाव ओएलएक्सवर जुना आहे, तोच इथे आलाय. खरेदीदार म्हणतो, पैसे पाठवतोय, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन मागितला गेला की पैसे तुमच्या खात्यातून जाणार, हे पक्कं. पैसे पाठवल्याचा खोटा स्क्रीनशॉट हा त्याचाच धाकटा भाऊ. खात्यात रक्कम दिसल्याशिवाय तिकीट सोडू नका.

तिसरा धोका फार कमी लोकांना माहीत असतो. पैसे खरोखर खात्यात आले, तिकीट दिलं, सगळं सुरळीत. आणि महिन्याभराने बँक खात्यावर टाच. खरेदीदाराने दिलेले पैसे दुसऱ्या कुणाची तरी फसवणूक करून मिळवलेले असतील आणि त्या माणसाने तक्रार केली, तर पैसा ज्या ज्या खात्यांतून गेला ती सगळी तपासात येतात. तेवढी रक्कम, कधी पूर्ण खातंच गोठवलं जातं. आपण तिकीट विकलं होतं हे सिद्ध करायला पुरावा लागतो. पर्यटकांची बुकिंगची रक्कम ज्या खात्यात येते, तेच खातं असं अडकलं तर नागावातल्या कॉटेजवाल्याचा सीझन अडकतो. अनोळखी माणसाशी व्यवहार करताना चॅट, बुकिंगचा ईमेल आणि पैसे आल्याची नोंद जपून ठेवायची ती यासाठी.

लॉर्ड्सवरचा धडा

रीसेल नीट करता येतं का? येतं, आणि याचं उत्तम उदाहरण आपल्याच लोकांमुळे घडलं.

२०१९ चा क्रिकेट विश्वचषक इंग्लंडमध्ये होता. भारत अंतिम फेरीत जाणार या खात्रीने हजारो भारतीयांनी लॉर्ड्सवरच्या १४ जुलैच्या सामन्याची तिकिटं आधीच घेऊन ठेवली होती. १० जुलैला भारत उपांत्य सामना हरला. आता चार दिवसांत एवढ्या तिकिटांचं करायचं काय? त्या स्पर्धेसाठी आयसीसीने अधिकृत रीसेलची सोय ठेवली होती, जिथे तिकीट मूळ किमतीला परत विकता येत होतं. न्यूझीलंडचा खेळाडू जिमी नीशमने ट्विट करून भारतीय चाहत्यांना विनवलं की यायचं नसेल तर कृपा करून तिथेच विका, जास्त पैशांचा मोह टाळा, खऱ्या चाहत्यांना येऊ द्या. आवाहन करावं लागलं, यातच सगळं आलं. सोय असली तरी बाहेर जास्त भाव मिळत असेल तर लोक बाहेरच जातात.

आयर्लंडने हे ओळखून २०२१ मध्ये कायदाच केला: ठरावीक मोठ्या कार्यक्रमांचं आणि मैदानांतलं तिकीट छापील किमतीच्या वर विकायचं नाही. ब्रिटनमध्ये फुटबॉल सामन्यांच्या तिकिटांची अनधिकृत विक्री १९९४ पासून गुन्हा आहे, आणि बाकी कार्यक्रमांसाठीही मूळ किमतीच्या वर विक्रीला बंदी आणणार असल्याचं तिथल्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं. अमेरिकेत उलट हवा आहे. तिथे रीसेल हा उघड, मान्य धंदा. न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबाला तिकीटमास्टरच्या त्याच नकाशावर कोऱ्या तिकिटांशेजारी रीसेलची तिकिटंही दिसतात. तिथे बंदी आहे ती बॉट वापरून शेकडो तिकिटं झटक्यात उचलण्यावर, २०१६ च्या कायद्याने.

फिफाची तऱ्हा आणखी वेगळी. २०२६ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी त्यांनी स्वतःचंच रीसेल दुकान मांडलं आणि विकणारा व घेणारा दोघांकडूनही १५ टक्के घेतले. अधिकृत असणं म्हणजे स्वस्त असणं नव्हे, हे लक्षात ठेवण्यासारखं.

भारतात झोमॅटोने २०२४ मध्ये 'बुक नाऊ, सेल एनीटाइम' या सोयीची घोषणा केली. कल्पना अशी: तिकीट नको झालं तर अ‍ॅपमध्येच विक्रीला लावा, कुणी घेतलं की तुमचं जुनं तिकीट रद्द होईल आणि घेणाऱ्याच्या नावे नवं तयार होईल. जास्तीत जास्त किती भाव लावता येईल याची मर्यादा आयोजक ठरवणार, उदाहरणार्थ मूळ किमतीच्या दुप्पट. एका माणसाला किती तिकिटं घेता येतील यावरही बंधन.

यातला खरा कळीचा भाग म्हणजे 'जुनं रद्द, नवं तयार'. स्क्रीनशॉटचा, एकच तिकीट चौघांना विकण्याचा आणि गेटवरच्या वादाचा सगळा खेळ त्या एका पायरीने संपतो. नागावच्या कॉटेजवाल्याचा फोन जे काम करतो तेच इथे सॉफ्टवेअर करतं. दुप्पट भावाची मुभा मात्र खटकते. ज्याला खरोखर जाता येत नाही त्याला आपले पैसे परत मिळाले तरी पुरतं. दुप्पट मिळण्याची शक्यता दिसली की न जाणारेही रांगेत उभे राहतात, आणि ज्याला जायचंय त्याचा नंबर आणखी मागे जातो.

तुमच्याकडे तिकीट उरलंच तर

सगळ्यात आधी ज्या अ‍ॅपवर घेतलं तिथेच, तुमच्या बुकिंगच्या पानावर, रीसेल किंवा ट्रान्सफरचा पर्याय आहे का बघा. असेल तर बाहेर जायचं कारणच नाही. प्रत्येक कार्यक्रमाला हा पर्याय वेगळा असतो, त्यामुळे मागच्या वेळी नव्हता म्हणून याही वेळी नसेल असं धरू नका. नाटक-सिनेमाच्या काही तिकिटांना ठरावीक वेळेआधी रद्द करण्याची सोय असते, तीही तपासा.

पर्याय नसेल तर ओळखीतला माणूस, मूळ किंमत, आणि शक्य असेल तर प्रत्यक्ष भेट. तिकिटावर नाव असेल आणि ओळखपत्र तपासणार असतील, तर कस्टमर केअरला लेखी विचारून घ्या. उत्तर ईमेलवर मिळालेलं असेल तर गेटवर दाखवायला काहीतरी हातात राहतं. एकाच बुकिंगमध्ये चार तिकिटं असतील आणि त्यातलं एकच द्यायचं असेल, तर त्या माणसाला सोबत घेऊनच आत जाणं हा सगळ्यात बिनधोक मार्ग.

कुरियरने येणाऱ्या तिकिटाचं एक वेगळंच दुखणं असतं. पत्ता नागावचा आणि खरेदीदार ठाण्याचा, तर पाकीट आधी नागावला येणार, मग तुम्ही ते पुढे पाठवणार. कार्यक्रमाला चार-पाच दिवस उरले असताना हा खेळ करू नका.

आणि तुम्ही घेणारे असाल तर एक गोष्ट वेळापत्रकात बघून ठेवा. मोठ्या कार्यक्रमांत आयोजक बरेचदा शेवटच्या दिवसांत थोडी तिकिटं पुन्हा खुली करतात: राखून ठेवलेल्या जागा, मंच उभा राहिल्यावर मोकळ्या झालेल्या जागा. काही वेळा कार्यक्रमच वाढतात. कोल्डप्लेने मुंबईनंतर २५ आणि २६ जानेवारीला अहमदाबादचे दोन कार्यक्रम जाहीर केले, त्यांची विक्री १६ नोव्हेंबरला झाली. सप्टेंबरमध्ये घाबरून कित्येक पटींनी पैसे मोजलेल्यांना दोन महिन्यांत दुसरी संधी आली होती. २६ जानेवारीचा अहमदाबादचा कार्यक्रम तर हॉटस्टारवर थेट दाखवला गेला, नागावच्या अंगणात बसूनही बघता येईल असा.

फसवणूक झालीच तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पहिले काही तास महत्त्वाचे, कारण पैसा पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवता येतो. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर ऑनलाइनही करता येते. आयोजक किंवा तिकीट कंपनीबद्दल तक्रार असेल, म्हणजे कार्यक्रम रद्द होऊनही पैसे आले नाहीत किंवा सांगितलेली जागाच मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. 'नो रिफंड'सारखी अट एकतर्फी आणि अन्यायकारक वाटत असेल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली 'अन्यायकारक करार' म्हणून तिला राज्य ग्राहक आयोगापुढे आव्हान देता येतं. दोन तिकिटांसाठी एवढी दगदग कुणी करत नाही, हेही आयोजकांना चांगलं ठाऊक असतं.